आधी वही, मग सुई

जालन्यात ज्यांचं माझ्यावर ऋण आहे, अशा माणसांत पहिले येतात ते एक लॅबवाले काका. नाव छापायचं नाही, असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून इथेही ते काकाच राहतील. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी औरंगाबादला घाटी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. निवृत्तीनंतर जालन्यात गांधी चमनच्या पलीकडच्या एका गल्लीत, भाच्याच्या लॅबमध्ये ते सकाळचे काही तास बसू लागले. लहान मुलांची शीर सापडत नसली की भाचा त्यांना हाक मारायचा. माझ्या मुलीचं रक्तही त्यांनीच काढलं. पण मी ऋण म्हणते ते रक्त काढल्याचं नाही. रक्त काढण्याआधी त्यांनी जे विचारलं, त्याचं आहे.

आधी घरचं सांगते. माझं माहेर घनसावंगी तालुक्यातलं, तीर्थपुरीच्या अलीकडचं. आजोबांच्या वेळेपासून घरात मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाबांनी ती बातमी कापून देवघराशेजारी लावली होती. कारण त्याआधी चारच वर्षांपूर्वी, २०१२च्या दुष्काळात, निम्मी बाग त्यांनी स्वतःच्या हाताने तोडली होती. त्या वर्षी जिल्ह्यातल्या कितीतरी बागा सरपण झाल्या. उरलेली झाडं त्यांनी टँकरच्या पाण्यावर जगवली. आमच्या घरात फळाची ओळख बहारावरून होते. आंबे बहाराचं फळ पाऊस ओसरताना, दसरा-दिवाळीच्या आगेमागे उतरतं. मृग बहाराचं फळ उन्हाच्या तोंडाला. पाहुणा आला की मोसंबी, लेकरू आजारी पडलं की मोसंबी, कुणाला दवाखान्यात बघायला जायचं तरी पिशवीत मोसंबीच. त्या घरात जन्मलेल्या नातीला मोसंबी सोसत नाही, असं एका रात्रीत ठरून गेलं.

२०१७ सालच्या पावसाळ्याची अखेर होती. मुलगी दुसरीत होती. जालन्यात तापाची साथ चालू होती आणि तीही चार दिवस तापाने झोपून उठली होती. पेशी कमी झाल्यात म्हणून कुणी पपईच्या पानांचा रस सुचवला, कुणी ड्रॅगन फ्रूट, कुणी किवी. साथीच्या दिवसांत आपल्याकडे किवीचे खोके गाड्यांवर दिसू लागतात, एरवी ज्या घरांनी ते फळ कधी पाहिलेलं नसतं त्या घरांतही ते पोचतं. आमच्याकडेही पोचलं. संध्याकाळी तिला मोसंबीचा रस दिला, वर एका वाटीत किवी, केळं आणि डाळिंबाचे दाणे. वाटी अर्धी झाली नसेल, तोच ती ओठ चोळू लागली. मग मानेवर, पोटावर गांधी उठल्या, दोनदा उलटी झाली आणि श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. नवऱ्याने तिला उचललं आणि आम्ही जवळच्या दवाखान्यात पळालो.

तिथे रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होती, नुकती शिकून बाहेर पडलेली असावी. तिने माझा एकच प्रश्न मधेच तोडला, वजन विचारलं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. अशा वेळी जीव वाचवणारं औषध तेच, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, आणि ते मांडीच्या स्नायूतच द्यायचं. बाकीची इंजेक्शनं त्याच्यानंतर. हे मला पुढे कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की माझ्या मुलीचा श्वास मोकळा होतो आहे. डॉक्टरने तिला रात्रभर ठेवून घेतलं, कारण उतरलेली लक्षणं काही तासांनी पुन्हा उसळू शकतात. पहाटे ती दोनदा येऊन छाती तपासून गेली.

सकाळी शोध सुरू झाला आणि सगळ्यांची बोटं मोसंबीकडे वळली. त्याला कारणही होतं. गेली दोन वर्षं मोसंबी खाल्ली की टाळूला खाजतं, जीभ चुरचुरते, असं ती अधूनमधून म्हणायची. किवी घरात पहिल्यांदाच आली, असं तेव्हा सगळे समजत होते, आणि पहिल्यांदाच खाल्लेल्या गोष्टीची अ‍ॅलर्जी कशी होईल, असा सगळ्यांचा तर्क होता. तो तर्क अगदी चुकीचाही नव्हता. शरीर आधी एखाद्या पदार्थाला ओळखून ठेवतं आणि पुढच्या भेटीत भडकतं, असंच बहुतेकदा होतं.

पुढच्याच महिन्यात एका मोठ्या शहरातल्या कंपनीची तपासणी आमच्या वाट्याला आली. रक्ताचा एक नमुना आणि नव्वदच्या वर खाद्यपदार्थ. अहवाल रंगीत होता: लाल, पिवळा, हिरवा. लाल रकान्यात गहू, दूध, तूर, हरभरा, वांगं, टोमॅटो, बटाटा, केळं, मोसंबी, शेंगदाणा, आणखीही बरंच. खाली लिहिलं होतं, लाल पदार्थ सहा महिने पूर्ण बंद.

त्या सहा महिन्यांबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण असे महिने आज कितीतरी घरांत चालू आहेत. गहू बंद म्हणून ज्वारीची भाकरी, ती आमच्याकडे रोजचीच. पण तूर नाही, हरभरा नाही, शेंगदाणा नाही, दूध नाही, म्हटल्यावर भाकरीबरोबर काय? मुगाचं वरण, दोडका, भोपळा, पुन्हा मुगाचं वरण. शाळेतल्या खिचडीच्या वेळी ती वेगळी बसायची. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं तर मी आधी फोन करून काय काय केलं आहे ते विचारायची. चंपाषष्ठीला घरात भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, चातुर्मासात सोडलेलं वांगं सगळ्यांच्या पानात परत आलं, हिच्या पानात नाही. "माझं वांगं कधी सुटणार?" तिने आजीला विचारलं आणि आजी स्वयंपाकघरात निघून गेली.

सगळ्यांत जड गेलं ते बाबांना. आंबे बहाराचं फळ उतरलं की पहिलं क्रेट जालन्याला लेकीकडे, हा त्यांचा रिवाज. त्या वर्षी ते रिकाम्या हाताने आले. अंगाला, सदऱ्याला मोसंबीचा वास लागलेला असेल म्हणून नातीला जवळ घेण्याआधी हातपाय धुऊन, सदरा बदलून यायचे. एकदा आईला म्हणाले, "माझ्या बागंतलं फळ माझ्याच नातीला सोसना. दुष्काळात जगवली ती कामून जगवली मग?" मी दाराआड उभी होते.

मुलगी वाळत चालली. शाळेत झालेल्या तपासणीत रक्त कमी निघालं आणि हिमोग्लोबिन करून घ्या, असा कागद मिळाला. त्या एका साध्या तपासणीसाठी आम्ही काकांच्या लॅबमध्ये गेलो.

फाइल टेबलावर ठेवताना रंगीत अहवाल बाहेर आला. काकांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, मग शेवटचं, मग पहिल्या पानावरची एक बारीक ओळ बोटाने दाखवली. "ताई, हे आयजीजी हाय. आयजीई नाही." मला त्यातला फरक माहीत नव्हता. त्यांनी तो एका वाक्यात सांगितला: "लेकराने आजवर काय काय खाल्लं, त्याची ही यादी हाय. काय सोसत नाही त्याची नाही."

पुढे मी हे पडताळून पाहिलं. आपण जे खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी प्रकारची प्रतिद्रव्यं निरोगी माणसाच्या रक्तातही तयार होतात. तो अन्नाशी झालेल्या परिचयाचा पुरावा असतो, बऱ्याचदा ते अन्न सोसत असल्याचाही. अन्नाच्या अ‍ॅलर्जीचं निदान करायला ही तपासणी वापरू नये, असं युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ साली स्पष्ट लिहिलं. अमेरिका आणि कॅनडातल्या संस्थांचंही मत तेच. म्हणजे आमच्या मुलीच्या अहवालात गहू, तूर, शेंगदाणा लाल आले ते ती मराठवाड्यातल्या घरात रोज जेवत होती म्हणून.

त्या सकाळी मात्र काकांनी मला एवढं सांगितलं नाही. त्यांनी ड्रॉवरमधून एक जाड वही काढली, तिच्यावर रेघा मारल्या आणि मुलीला खुर्चीत बसवून विचारायला सुरुवात केली. मला गप्प बसायची खूण केली. सांगायचं ते सगळं मुलीने. वांगं खायची का? हो. किती वेळा? आठवड्यातून दोनदा तरी. खाल्ल्यावर काय व्हायचं? काहीच नाही. "मग बंद कामून केलं?" हे त्यांनी तिला विचारलं, पण उत्तर मला द्यायचं होतं. टोमॅटो? कच्चा खाल्ला की तोंडात टोचतं, आमटीतला चालतो. खरबूज? तोंड खाजतं. केळं? कधी कधी. मोसंबी? खाजतं. गांधी उठतात? नाही. उलटी? नाही. किती वेळ खाजतं? पाणी प्यायलं की जातं. फुगे फुगवताना ओठ सुजतात का? नाही. आणि किवी, त्या रात्रीच्या आधी कधी खाल्ली होती का? मी नाही म्हणणार तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आत्याकडं पुण्याला खाल्ली होती. तेव्हा पण ओठ जाड झाले होते, पण कुणाला सांगितलं नाही."

त्यानंतर काकांनी जो प्रश्न विचारला तो मला सुचला नसता. "मोसंबी कोणत्या बहाराची?" मुलीला उत्तर येईना. मी बाबांना फोन लावला. बाबा विचार करून म्हणाले, "मृगाच्या फळाला तिनं कधी तक्रार केली नाही. आंब्याच्या फळालाच खाजतं म्हणते." काकांनी त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

तेव्हा कुठे त्यांनी सुई हातात घेतली. हिमोग्लोबिनची एक बाटली आणि अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या आयजीई या प्रतिद्रव्यासाठी दुसरी. त्यांनी पदार्थ निवडले ते वहीतून: किवी, संत्रं, केळं, टोमॅटो, गवताचे परागकण. वांगं घेतलं नाही, शेंगदाणा घेतला नाही. मी म्हटलं, आलोच आहोत तर सगळंच करून घेऊ. ते म्हणाले, "जे लेकरू सुखानं खातं त्याचं रक्त तपासू नये, ताई. आकडा निघतो, आणि आकडा निघाला की घरचे भितात."

हे वाक्य काही केवळ अनुभवाचं नव्हतं. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं. प्रत्यक्षात अन्नाची अ‍ॅलर्जी असण्याचा संभव दिसला तो १.२ टक्के लोकांत, आणि त्यातही दूध आणि सफरचंद पुढे. मैसूरच्या संशोधकांनी २००८ साली वांग्याबद्दल असाच अभ्यास मांडला होता. वांगं सोसत नाही असं म्हणणारी माणसं आपल्या देशात भरपूर. पण आयजीईमुळे होणारी वांग्याची खरी अ‍ॅलर्जी शंभरात एकालाही निघाली नाही. वांग्यात हिस्टामिनसारखी द्रव्यं मुळातच असतात, त्यानेही काहींना खाज येते आणि ती रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. उलट, जी गोष्ट आपण निर्धास्त मानतो ती कधी घातक निघते: हरभऱ्याच्या अ‍ॅलर्जीवर मुंबईच्या डॉ. प्रमोद निफाडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली लिहिलं, तेव्हा परदेशी पुस्तकांत शेंगदाण्याची पानंच्या पानं होती आणि हरभऱ्याला जेमतेम जागा होती. बेसनावर वाढणाऱ्या देशाला आपली यादी आपणच करावी लागते.

आयजीईची ही तपासणी मला काकांनी टेबलावर पेन आणि टोपण घेऊन समजावली. एका इवल्याशा कपात किवीतली प्रथिनं चिकटवून ठेवलेली असतात. त्यावर मुलीच्या रक्तातला द्रव ओततात. तिच्या रक्तात किवीला ओळखणारं आयजीई असेल तर ते त्या प्रथिनाला धरून बसतं, बाकीचं धुऊन जातं. मग आयजीईला पकडणारं दुसरं प्रतिद्रव्य सोडतात, त्याच्या चमकेवरून किती धरून बसलं ते मोजतात. ०.३५ युनिटच्या वर गेलं की पूर्वापार पॉझिटिव्ह म्हणायची पद्धत. पण आकडा मोठा म्हणजे त्रास मोठा, असं गणित नाही. आकड्याने शक्यता कळते, त्रासाची तीव्रता कळत नाही. आणि त्वचेवरची चाचणी आधी का नाही केली, हेही त्यांनी सांगितलं. खाजेसाठी मुलगी रोज अ‍ॅलर्जीची गोळी घेत होती. त्या गोळीने त्वचेची चाचणी फसते, ती काही दिवस थांबवावी लागते. रक्ताला गोळीचा फरक पडत नाही.

कपातल्या त्या चिमूटभर द्रवामागे किती माणसं उभी आहेत, हे मी नंतर वाचलं आणि ऋणाची माझी यादी जालन्याच्या बाहेर गेली. १९२१ साली जर्मनीतले कार्ल प्राउसनित्झ यांनी आपले सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. क्युस्टनरांना मासे सोसत नसत, प्राउसनित्झांना माशांनी काहीच होत नसे. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर प्राउसनित्झांच्या अंगावर गांध उठली. अ‍ॅलर्जी रक्तातून जाते, हे त्या गांधीने सिद्ध झालं. पण रक्तातलं ते नेमकं काय, याचा शोध लागायला पंचेचाळीस वर्षं गेली. १९६६-६७ साली अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनच्या उप्साला शहरात योहानसन आणि बेन्निख, असे दोन गट वेगवेगळ्या वाटांनी तिथे पोचले. रक्तात आयजीई इतकं कमी असतं की ते वेगळं काढणं फार अवघड. उप्सालाच्या शास्त्रज्ञांना ते भरपूर मिळालं एका रुग्णाच्या रक्तात. त्याला मायलोमा हा रक्तपेशींचा कर्करोग होता आणि त्याचं शरीर हेच एक प्रथिन अमाप तयार करत होतं. शास्त्राच्या नोंदींत त्याच्या नावाची दोनच आद्याक्षरं आहेत: एन. डी. त्याच्या रक्तावरून आयजीईला पकडणारं प्रतिद्रव्य बनवता आलं आणि रक्तातून अ‍ॅलर्जी मोजायची पहिली तपासणी १९६७ साली उभी राहिली. त्या माणसाला स्वतःला त्याचा काही उपयोग झाला नाही. घनसावंगी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या नातीला पन्नास वर्षांनी झाला.

अहवाल आला. किवीचा आकडा बराच वर. संत्रं, केळं, टोमॅटो, तिन्ही उंबरठ्याच्या आसपास. गवताचे परागकण चांगले वर. काकांनी मला निदान सांगितलं नाही. "ते माझं काम नाही," म्हणाले. वहीचं पान फाडून अहवालाला टाचलं आणि औरंगाबादच्या एका अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. जाताना तुमच्या बागेतली ताजी मोसंबी घेऊन जा, हेही बजावलं.

त्या डॉक्टरांनी अहवालाआधी वहीचं पान वाचलं आणि "हे कुणी लिहिलं?" असं विचारलं. यंत्रावरच्या यादीत मोसंबी असं नाव नसतं, ऑरेंज असतं. ते ऑरेंज वनस्पतिशास्त्राने पाहिलं तर आपल्या मोसंबीच्याच जातीचं, नागपुरी संत्र्याच्या नव्हे, ही गोष्ट मला, बागाइतदाराच्या मुलीला, त्यांनी सांगितली. तरी अर्कावर विसंबायचं नाही, कारण फळांतली काही प्रथिनं इतकी नाजूक असतात की अर्क करतानाच मोडतात. म्हणून सुईचं टोक आधी ताज्या फळात आणि मग हातावर टोचायचं. गोळी थांबवून आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी तसं केलं. किवीची गांध दोन रुपयांच्या नाण्याएवढी उठली. मोसंबीची अगदी बारीक. आणि परागकणांच्या थेंबांत सगळ्यांत मोठी गांध उठली ती गाजर गवताची.

बहाराचं कोडं तिथे उलगडलं. गाजर गवत पावसाळ्यात माजतं आणि पाऊस ओसरताना बांधाबांधावर पांढरं फुलतं. आंबे बहाराचं फळ त्याच दिवसांत उतरतं. परागकणांत प्रोफिलिन नावाचं एक प्रथिन असतं, आणि त्याच्यासारखंच प्रोफिलिन मोसंबी, खरबूज, टोमॅटो, केळं यांतही असतं. परागकणांवर चिडलेलं शरीर फळातल्या त्याच्या जुळ्यावरही चिडतं, पण ते प्रथिन शिजवलं की मोडतं, पोटातल्या आम्लाने मोडतं, म्हणून त्रास तोंडापलीकडे सहसा जात नाही. आमटीतला टोमॅटो चालायचा तो यामुळे. किवीचं प्रथिन वेगळं आणि किवीचा धोकाही वेगळा. वैद्यकीय साहित्यात किवीच्या अ‍ॅलर्जीची पहिली नोंद १९८१ची, म्हणजे जालना जिल्हा झाला त्याच वर्षाची. आपल्या गाड्यांवर ते फळ पोचलं त्याला तर फारच थोडा काळ झाला आहे.

मोसंबी खरोखर सोसते का, याची शेवटची परीक्षा डॉक्टरांनी त्यांच्या देखरेखीखाली घेतली. बाजूला इंजेक्शन भरून ठेवलेलं. आधी ओठाला रस, मग अर्धी फोड, मग एक, मग दोन, मध्ये थांबून प्रत्येक वेळी नाडी, छाती, कातडी तपासायची. ही परीक्षा घरी करायची नसते, हे मुद्दाम लिहिते. टाळूला थोडं खाजलं, बाकी काही नाही. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "मोसंबी खाऊ दे. फार खाजलं तर तेवढे दिवस थांबव. किवी मात्र जन्मभर नाही, रसातसुद्धा नाही." गहू, तूर, दूध, शेंगदाणा, वांगं सगळं त्याच दिवशी सुटलं. तिचं ते पहिलं जेवण आम्ही सिडकोतल्या एका साध्या खानावळीत केलं. तिने भरलं वांगं मागितलं.

ऑटो-इंजेक्टर आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी मला अ‍ॅड्रेनलिनची कुपी आणि सिरिंज लिहून दिली, किती ओढायचं ते सिरिंजवर खूण करून दाखवलं आणि संत्र्याच्या सालीवर टोचायचा सराव करून घेतला. एक संच घरी असतो, एक शाळेत. बाबांनी बांधावरचं गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटायचं काम हाती घेतलं, हातमोजे घालून, तोंडाला उपरणं बांधून. १९५५च्या सुमारास हे गवत पुण्यात पहिल्यांदा दिसलं आणि मग देशभर पसरलं. त्याने हातातोंडाची कातडी सोलवटलेली माणसं आमच्या गावातही आहेत, आणि तो त्रास रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, त्याला पट्टीची वेगळी चाचणी लागते. बाबांचं बघून शेजारच्या दोन बागांतही आता श्रावणात उपटणी होते.

काकांनी वहीचे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या वर्षी आंबे बहाराचं पहिलं क्रेट घेऊन बाबा स्वतः लॅबमध्ये गेले. दोघांनी मुलीचा विषय काढला नाही, खुंट कोणता, जात न्यूसेलर की काटोल गोल्ड, डिंक्याला काय करता, हेच तासभर बोलत बसले. काकांनी फळं आलेल्या प्रत्येक रुग्णाला वाटली आणि संध्याकाळी मला फोन केला: "ताई, फळ पोचलं. पण मला दुसरं पाहिजे. तुमच्या ओळखीत असलं लेकरू दिसलं तर आधी वही करा."

मी ते करते. रंगीत अहवाल घेऊन येणारे पालक आता दरवर्षी भेटतात, परतूरहून, मंठ्याहून, शहरातूनही. मी डॉक्टर नाही, त्यांना काही बंद करायला सांगत नाही, चालू करायलाही नाही. काकांचे रकाने आखून देते: काय खाल्लं, कच्चं की शिजवलेलं, किती वेळाने काय झालं, आधी कधी खाल्लं होतं, तेव्हा काय झालं, कोणता महिना. मुलाला स्वतःला सांगू द्यायचं. मग ते पान घेऊन अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जायचं. बहुतेक पानांत निम्मी यादी आपोआप गळून पडते. क्वचित एखाद्या पानावर मात्र श्वास हा शब्द येतो. त्या पालकांना मी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायला लावते, गाडीची सोय नसेल तर करून देते.

एक देणं राहिलं आहे. त्या रात्रीची तरुण डॉक्टर. वर्षभरानंतर मी पेढे घेऊन गेले तेव्हा ती पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात निघून गेली होती. डिस्चार्जच्या कागदावर तिची सही आहे, नाव लागत नाही. काकांनी मला दोनदा विचारलं आहे, सापडली का म्हणून. मी फक्त विचारलं, जीव तिने वाचवला, असं ते म्हणतात. २०१७ साली जालन्यात रात्रपाळी करणाऱ्या, आणि सात वर्षांच्या एका मुलीच्या मांडीत वेळेवर अ‍ॅड्रेनलिन देणाऱ्या डॉक्टरांच्या वाचनात हे आलं, तर त्यांना कळावं: मुलगी आता दहावी पार करून गेली आहे. मोसंबी खाते. किवीला हात लावत नाही, आणि बाहेरचा रस घेताना आत काय आहे ते स्वतः विचारते. वजन वाढलं तसा इंजेक्शनचा डोस डॉक्टरांकडून बदलून घेतला आहे.